उंच पर्वतावरील गादीफुले : दुर्ग-भिलाईकडील प्रवाशांसाठी काही सूचना

नागपूरकर भोसल्यांच्या सुभ्यापासून छत्तीसगढच्या मुलखात स्थायिक झालेली आणि पुढे १९५५ नंतर भिलाईच्या पोलाद कारखान्यामुळे विदर्भ-खानदेशातून येऊन येथेच रुजलेली जी मराठी कुटुंबे दुर्ग जिल्ह्यात आहेत, त्यांच्यात रजा काढून हिमालयाकडे जाण्याचा प्रघात आता चांगलाच रूढ झाला आहे. परंतु लडाखला जाऊन आलेल्या दहा जणांना तेथील फुलांविषयी विचारले, तर त्यांतील नऊ जण तेथे फुले असतात हेच नाकबूल करतील, कारण त्यांनी पाहिलेला प्रदेश हा खडक, बर्फ, सरोवरे आणि मठ यांचाच होता, व उंच खिंडीतील त्यांचा मुक्काम फलकाशेजारी छायाचित्र काढण्यापुरताच होता. ज्या खिंडीत ते थांबले, तिच्याच उतारावर, सडकेपासून शे-दोनशे पावलांच्या आत, कदाचित त्यांच्या आजोबांच्या जन्माच्याही पूर्वी रुजलेली एखादी वनस्पती आपली पांढरी, बारीक फुले उघडून बसलेली असण्याचा पुष्कळ संभव असतो. ती दिसत नाही याचे कारण ती दडलेली असते हे नसून, फूल म्हणजे देठावर डुलणारे काहीतरी, अशी आपली दृष्टी मैदानी बागांत तयार झालेली असते, हे आहे.

ही दृष्टी थोडी बदलावी, त्या वनस्पतीचा अधिवास कसा असतो हे आधी समजून घ्यावे, तिच्या भेटीसाठी प्रवासाची आणि प्रकृतीची तयारी कोणती करावी, भेट झाल्यावर काय करावे आणि विशेषतः काय करू नये, हे सांगण्याकरिता हा लेख आहे.

वनस्पतीची ओळख

वृक्षरेषेच्या वर, जेथे झाड उभे राहू शकत नाही आणि झुडूपही गुडघ्याच्या वर येत नाही, तेथे जगातील निरनिराळ्या पर्वतांवर परस्परांशी रक्ताचे नाते नसलेल्या अनेक कुळांतील वनस्पतींनी एकच देहाकृती स्वीकारलेली आढळते : असंख्य आखूड फांद्या एकमेकींना चिकटून व सारख्याच वेगाने वाढून जमिनीलगत एक घट्ट, गोलसर, वरून समतल असा पुंज तयार करतात, आणि त्याच्या पृष्ठभागावर देठाशिवायच फुले उमलतात. अँडीज पर्वतातील यारेटा, न्यूझीलंडच्या डोंगरांवरील राओलिया, जिला दुरून मेंढीच समजावे अशी तिची ख्याती आहे, आल्प्सपासून उत्तर ध्रुवप्रदेशापर्यंत पसरलेली सायलीन अकॉलिस, ह्या सर्व याच पंथातील. अशा वनस्पतींना आपण सोयीसाठी गादीवनस्पती आणि त्यांच्या फुलांना गादीफुले म्हणू.

आपल्या देशात या पंथाची सर्वांत ठळक प्रतिनिधी म्हणजे लडाख, तिबेट आणि मध्य आशियाचे उंच पर्वत यांत आढळणारी थायलाकोस्पर्मम सेस्पिटोसम ही होय. बागेतील डायन्थस आणि कार्नेशन ज्या कुळातील, त्याच कुळातील ही. तिची पाने अवघी दोन ते चार मिलिमीटर लांब, समोरासमोर जोडीने येणारी, चकचकीत, आणि इतकी दाटीने रचलेली असतात की प्रत्येक फांदीचे टोक एक चिमुकले, बंद हिरवे गुलाबपुष्प वाटावे. अशी सहस्रावधी टोके एकत्र येऊन जो पुंज होतो तो बैठकीतल्या गोल गिरदीसारखा दिसतो, पण हात लावल्यास मऊ लागत नाही, दगडासारखा कठीण लागतो. लहान पुंज वीतभर, तर जुने पुंज हातभराहून अधिक व्यासाचे असतात. फुले फांदीच्या टोकाशी एकेकटी, पांढरी, बहुधा पाच पाकळ्यांची, आणि इतकी लहान की उभ्याने पाहणाऱ्याला तो हिरव्या पृष्ठभागावर पडलेला चुन्याचा शिंतोडा वाटतो.

या वनस्पतीच्या शास्त्रीय इतिहासाचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. व्हिक्टर झाकमाँ हा फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ १८२९ मध्ये कलकत्त्यास उतरला, १८३०-३१ मध्ये हिमालयाच्या अंतर्भागात वनस्पती गोळा करीत फिरला, पुढे दक्षिणेकडे वळून पुण्यामार्गे मुंबईस पोहोचला आणि अवघा एकतीस वर्षांचा असताना ७ डिसेंबर १८३२ रोजी मुंबईतच मरण पावला. त्याचा संग्रह पॅरिसला गेला. त्यातील वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या कांबेसेद याने या पुंजरूप वनस्पतीचे प्रथम वर्णन केले, आणि आजही तिच्या शास्त्रीय नावापुढे कंसात कांबेसेदचे नाव लिहिले जाते.

अधिवास समजून घ्या

प्रवासाला निघण्यापूर्वी ही एक गोष्ट मनाशी पक्की केली पाहिजे की या फुलाचा आकार हा त्याच्या स्थळाचाच परिणाम आहे. दुर्ग शहर समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटर उंच. दर हजार मीटर चढल्यावर हवा सरासरीने साडेसहा अंशांनी थंड होते. तेव्हा पाच हजार मीटरवरील उतार आपल्यापेक्षा स्थूलमानाने तीस अंशांनी थंड असणार, हा हिशेब कोणालाही मांडता येईल. वायुभार तेथे समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा, दुपारचे ऊन अतिप्रखर, रात्री भर उन्हाळ्यातही गोठण, वारा अखंड. आणि पाऊस असा की लेहला वर्षभरात सरासरीने शंभर मिलिमीटरच्या आसपासच पडतो, म्हणजे दुर्गला आषाढातील एका मोठ्या झडीत जेवढे पाणी पडून जाते, त्याच्यावर तेथील वनस्पतींना सबंध वर्ष काढावयाचे असते. जमीन म्हणावी तर ती बहुधा दगडगोट्यांची घसरण, जी रात्री गोठून फुगते आणि दिवसा वितळून सैल होते.

अशा ठिकाणी उंच वाढणे म्हणजे वाऱ्याच्या आणि हिमाच्या स्वाधीन होणे. उलट जो पुंज जमिनीला चिकटून राहतो, त्याच्यावरून वारा निघून जातो, आत शिरत नाही. उन्हाची उष्णता त्याच्या दाट अंगात साठते, आणि शांत, स्वच्छ दिवशी अशा पुंजाचे तापमान भोवतालच्या हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनीही अधिक भरते. वाळलेली जुनी पाने गळून उडून जात नाहीत. ती आतल्या आत कुजून त्यांची काळी माती बनते, ती ओलावा धरून ठेवते, आणि वनस्पती स्वतःच निर्माण केलेल्या या खतावर पोसली जाते. खाली जाड, काष्ठमय सोटमूळ सरकत्या दगडांतून खोल उतरून साऱ्या पुंजाला जागी जखडून ठेवते. या सुरक्षिततेचे मोल मात्र वेळेच्या रूपाने द्यावे लागते, कारण वाढीचे दिवस वर्षातून दोन-तीन महिनेच मिळतात आणि पुंज वर्षाकाठी काही मिलिमीटरच पसरतो. हातभर व्यासाचा पुंज दिसला तर आपण शंभरीकडे झुकलेल्या किंवा शंभरी ओलांडलेल्या जीवापुढे उभे आहोत, असे खुशाल समजावे.

येथे एका गैरसमजाचाही परिहार करणे इष्ट आहे. गादीवनस्पती इतर रोपांना आपल्या उबेत आश्रय देतात, असे जे सांगितले जाते, ते पुष्कळ पर्वतांच्या बाबतीत खरे असले तरी सर्वत्र खरे नाही. लडाखमधील थायलाकोस्पर्ममच्या पुंजांची चेक वनस्पतिशास्त्रज्ञांनी पाहणी करून २०११ मध्ये जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, त्यानुसार तेथील अतिशुष्क आणि अतिउंच परिस्थितीत हे पुंज इतर वनस्पतींना साह्य करीत नाहीत. कठीण, दाट पृष्ठभागात इतर बीजाला शिरकावच मिळत नाही. पर्वतावरचे जीवन परोपकाराच्या सुभाषितांत बसवण्याची घाई प्रवाशाने करू नये. पुंजावर दुसरे रोप उगवले आहे की नाही, हे स्वतः पाहावे आणि जे दिसेल ते लिहून ठेवावे.

उंचीची मर्यादा कोठवर जाते, हेही जाणून घेण्याजोगे आहे. १९२१ च्या पहिल्या एव्हरेस्ट मोहिमेत वोलॅस्टन या डॉक्टर-निसर्गशास्त्रज्ञाला अरेनारिया ब्रायोफायला ही गादीवनस्पती ६,१८० मीटरवर मिळाली. १९५५ मध्ये कामेट शिखरावर मेजर नरेंद्र धर जयाल यांनी ६,४०० मीटरवर दोन सपुष्प वनस्पतींची नोंद केली. थायलाकोस्पर्मम लडाखमध्ये साधारणतः साडेचार हजार मीटरच्या वर भेटू लागते आणि सहा हजारांच्या जवळपासपर्यंत जाते.

यावरून एक व्यावहारिक निर्णय आपोआप होतो. सरगुजा जिल्ह्यातील मैनपाटला ‘छत्तीसगढचे शिमले’ म्हणण्याची रीत आहे आणि १९६० नंतरच्या दशकात तेथे तिबेटी निर्वासितांची वसाहत झाल्यामुळे पताका व मठ पाहून मनुष्याला उत्तुंग प्रदेशात आल्याचा भासही होतो. परंतु ते पठार हजार-अकराशे मीटरचे, आणि गौरलाटा हे राज्यातील सर्वोच्च मानले जाणारे शिखरही सव्वाबाराशे मीटरचेच आहे. वृक्षरेषा पश्चिम हिमालयात सुमारे साडेतीन हजार मीटरच्या वर येते. तेव्हा खरे गादीफूल पाहावयाचे असेल तर छत्तीसगढची हद्द ओलांडण्यावाचून गत्यंतर नाही.

आधी डोळे तयार करा

लडाखचा खर्च आणि शीण पत्करण्यापूर्वी लहान फुले पाहण्याचा सराव करावयाचा असेल, तर त्याकरिता कासच्या सड्याइतके चांगले स्थळ नाही. हावड्याहून पुण्याला जाणारी आझाद हिंद एक्स्प्रेस दुर्गवरून जाते. पुण्याहून सातारा, आणि साताऱ्यापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर बाराशे मीटर उंचीचे हे जांभ्या दगडाचे पठार. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर ते जागतिक वारशात समाविष्ट झाले, आणि आठशे पन्नासहून अधिक सपुष्प वनस्पतींची नोंद तेथे आहे. ते हिमपर्वतीय नव्हे. तेथील शत्रू थंडी नसून उन्हाळ्यात तापणारा कातळ आणि पावसाळ्यात साचणारे पाणी हे आहेत. तरीही बोटभर मातीवर, दगडाच्या पृष्ठभागालगत, अल्पावधीत आयुष्य उरकणाऱ्या वनस्पती कशा असतात हे तेथे दिसते : गेंदाचे पांढरे बोंडूक, सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे गालिचे, कीटकांना चिकटवून धरणारा दवबिंदू. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंतचा काळ योग्य. दररोजच्या प्रवाशांची संख्या मर्यादित असते, म्हणून नोंदणी आधी करावी आणि शनिवार-रविवार टाळावा. गुडघे टेकून, एका हातभर जागेत वीस मिनिटे डोळे रोवून बसण्याची सवय ज्याला कासला लागली, त्याला लडाखचा उतार ओसाड वाटणार नाही.

काळ आणि मार्ग

लडाखमधील गादीफुलांचा बहर जुलैच्या आरंभापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत धरावा. नंतर पुंज दिसतील, पण त्यांवर फुलांच्या जागी बारीक फळे असतील. दुर्गला या दिवसांत पाऊस जोरात असतो, पण लडाख पर्जन्यछायेत असल्यामुळे तेथे हवा बहुधा कोरडी असते. धोका वाटेतल्या दरडींचा असतो, म्हणून परतीच्या गाडीच्या आधी दोन दिवस मोकळे ठेवूनच रजेचा अर्ज द्यावा.

मार्ग तीन. पहिला, दुर्गहून उधमपूरला जाणाऱ्या थेट रेल्वेने जम्मूकडे जाऊन, तेथून श्रीनगर, कारगिल व लेह असा. जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत रेल्वे सुरू झाल्यामुळे हा मार्ग पूर्वीपेक्षा सुखाचा झाला आहे, आणि प्रकृतीच्या दृष्टीने तोच सर्वोत्तम. कारण श्रीनगर सुमारे सोळाशे मीटर, झोजी ला साडेतीन हजार, कारगिल पुन्हा खाली सत्तावीसशेच्या आत, मग चार हजार एकशेचा फोतू ला आणि शेवटी साडेतीन हजारांचे लेह, अशी चढ-उतार करीत शरीराला ओळख होत जाते. दुसरा, छत्तीसगढ संपर्कक्रांतीने निजामुद्दीन व तेथून मनालीमार्गे. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा झाल्यापासून रोहतांग चढावा लागत नाही, परंतु पुढे बारालाचा ला व टांगलांग ला या उत्तुंग खिंडी एकापाठोपाठ येतात आणि सरचूचा मुक्काम सुमारे चार हजार तीनशे मीटरवर पडतो. या मार्गाने जाताना नव्या प्रवाशाने सरचूला रात्र काढू नये. जिस्पाला, सव्वातीन हजारांच्या आसपास, एक दिवस अधिक थांबावे. तिसरा मार्ग रायपूरहून दिल्ली व दिल्लीहून लेह असा विमानाचा. तो वेळ वाचवतो, पण सकाळी तीनशे मीटरवर असलेले शरीर दुपारी साडेतीन हजारांवर नेऊन ठेवतो, म्हणून या मार्गाने जाणाऱ्याने लेहमध्ये पूर्ण दोन दिवस विश्रांतीशिवाय दुसरे काहीही करू नये.

लेहला स्थिर झाल्यावर शोधासाठी तीन ठिकाणे सोयीची : मनालीच्या सडकेवरील टांगलांग ला (५,३२८ मीटर), पांगोंगकडे जाताना लागणारा चांग ला, आणि नुब्रेच्या वाटेवरील खारदुंग ला. खिंडीच्या माथ्यावरील वर्दळीत शोधू नये. माथ्याच्या शे-दोनशे मीटर अलीकडे किंवा पलीकडे, जेथे गाडी सुरक्षित उभी राहील, तेथे उतरून, फार न सरकणाऱ्या, बारीक खडीच्या उतारावर नजर फिरवावी. त्सो मोरिरीच्या बाजूसही असे उतार पुष्कळ आहेत. मात्र सीमेलगतच्या भागांना परवाना लागतो, त्याचे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून ओळखपत्राच्या प्रती जवळ ठेवून लेहच्या जिल्हाधिकारी कचेरीच्या ताज्या हुकुमाप्रमाणेच तजवीज करावी.

प्रकृतीविषयी

या प्रकरणात संकोच किंवा फाजील धैर्य दोन्ही घातक आहेत. उंचीचा विकार तरुण, व्यायामी मनुष्यालाही होतो. डोकेदुखी, मळमळ, निद्रानाश ही पहिली लक्षणे. ती असताना आणखी वर चढू नये. बसल्या जागी धाप लागणे, सतत खोकला, चालताना झोक जाणे, बोलण्यात गोंधळ, यांपैकी काहीही दिसल्यास दिवस उजाडण्याची वाट न पाहता रुग्णास खाली आणावे. प्राणवायूची नळी ही उतरण्याची सोय होईपर्यंतची मदत आहे, उतरण्याला पर्याय नव्हे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा अधिक वर नेऊ नये. दिवसा उंच खिंडीत जाऊन रात्री लेहला परतणे हा फुले पाहणाऱ्यासाठी उत्तम क्रम आहे. असिटाझोलामाइड हे औषध काहींना उपयोगी पडते, परंतु सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांना ते बाधू शकते, म्हणून ते डॉक्टरच्या सल्ल्यानेच घ्यावे.

आपल्या भागातील वाचकांना एक सूचना विशेष आग्रहाने करावयाची आहे. विदर्भ आणि छत्तीसगढ या दोन्ही प्रदेशांत सिकलसेलचा आनुवंशिक दोष मोठ्या प्रमाणावर आढळतो, आणि पुष्कळांना आपण त्याचे वाहक आहोत हे ठाऊकही नसते. प्राणवायू कमी असलेल्या उंचीवर हा आजार असलेल्या व्यक्तीस तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. क्वचित निव्वळ वाहक असणाऱ्यालाही प्लीहेची गंभीर इजा होऊ शकते. म्हणून जाण्यापूर्वी साधी रक्ततपासणी अवश्य करून घ्यावी. शासकीय रुग्णालयांत ती होते, आणि रायपूरला राज्य शासनाची सिकलसेल संस्थाच आहे. रुग्णाने ही यात्रा करू नये. वाहकाने डॉक्टरला विचारून, आणि डाव्या बरगडीखाली दुखू लागताच ताबडतोब खाली उतरण्याच्या तयारीनेच जावे. रक्तदाब, हृदयविकार, दमा व गर्भावस्था यांबाबतही निर्णय डॉक्टरचाच असावा.

ओळखावे कसे

पुंज दिसला म्हणजे तो थायलाकोस्पर्ममच, असे गृहीत धरू नये. लेहच्या आसपास, साडेतीन ते साडेचार हजार मीटरच्या कोरड्या उतारांवर जे काटेरी, टोचणारे पुंज दिसतात आणि ज्यांवर जुलै-ऑगस्टमध्ये गुलाबी फुले येतात, ते अकॅन्थोलिमॉनचे. पुंज मऊ, शेवाळासारखा, आणि पांढऱ्या पाकळ्या सुट्या असतील तर अरेनारियाचा विचार करावा. पाकळ्या तळाशी जोडलेल्या, मध्यभागी पिवळा किंवा तांबूस डोळा, आणि पाने केसाळ असतील तर ती प्रिमरोजच्या कुळातील अँड्रोसेस. पुंज कठीण, पाने केशरहित व चकचकीत, फुले देठाशिवाय, पाकळ्या सुट्या, आणि पुंज वाळलेल्या भागीही घट्ट, ही सर्व लक्षणे जुळली तरच थायलाकोस्पर्मम म्हणावे. दहापट मोठे दाखवणारे खिशातले भिंग याकरिता पुरे. पोल्युनिन आणि स्टेन्टन यांचे १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेले हिमालयीन फुलांवरील पुस्तक जवळ असल्यास उत्तम.

टिपण लिहिताना तारीख, स्थळ, उंची, उताराची दिशा, जमिनीचा प्रकार, पुंजाचा सर्वांत मोठा व्यास आणि फुले उमललेली आहेत की कळ्या की फळे, एवढ्या बाबी नोंदवाव्यात. छायाचित्रे तीन : एक उताराचे, एक सबंध पुंजाचे, शेजारी मापासाठी नाणे ठेवून, आणि एक फुलाचे अगदी जवळून. जवळच्या छायाचित्राच्या वेळी सोबत्याने अंगाची सावली धरली तर पांढऱ्या पाकळ्या उन्हात जळाल्यासारख्या येत नाहीत. अशी नोंद इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर दिली, तर जाणकार ओळख तपासतात, आणि हौशी प्रवाशाचे टिपण अभ्यासकाच्या उपयोगी पडते.

काय करू नये

पुंज मनुष्याचा भार सहज पेलण्याइतका कठीण असतो, आणि म्हणूनच त्यावर पाय देण्याचा, बसण्याचा, किंवा त्यावर दगड रचून छायाचित्र काढण्याचा मोह होतो. परंतु एका बुटाच्या टाचेने फुटलेल्या पृष्ठभागातून थंडी आणि वारा आत शिरतो, आणि वर्षाकाठी काही मिलिमीटर वाढणाऱ्या त्या देहास ती जखम भरून काढणे बहुधा शक्य होत नाही. गाडी सडक सोडून उतारावर घालू नये. चाकाची एकच खूण तेथे वर्षानुवर्षे राहते. फुलाशी जाण्याची वाट शक्यतो मोठ्या दगडांवरून काढावी. शेकोटी करू नये. त्या प्रदेशातील काष्ठमय झुडपे, बुर्त्से त्यांतलेच, स्थानिक लोक पूर्वापार जळणासाठी वापरीत आले ते गरजेपोटी, प्रवाशाच्या करमणुकीसाठी नव्हे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काहीही उपटू नये, तोडू नये, बीसुद्धा खिशात घालू नये. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य यांच्या हद्दीत तो कायद्याने गुन्हा आहे. आणि हद्दीबाहेर कोणी पाहणारे नसले तरी तो व्यर्थ उद्योग आहे, कारण भिलाईच्या सेक्टरमधील अंगणात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो, रात्रीही हवा निवत नाही, आणि पावसाळ्यात कुंडीतील माती दोन महिने ओली राहते. दाट पुंज अशा उष्ण ओलाव्यात आतून कुजून जातो. शीतपेटीत ठेवून, खडीत लावून, पंखा लावून तो जगवू असे म्हणणाऱ्याने वर वर्णन केलेल्या अधिवासाचा हिशेब पुन्हा एकदा मांडावा.

ज्यांना घरी काही लावून या कुळाशी सहवास ठेवावयाचा असेल, त्यांनी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये डायन्थसचे बी पेरावे. दुर्गच्या हिवाळ्यात ते जानेवारीपासून मार्चपर्यंत सुखाने फुलते, आणि त्याच्या समोरासमोर येणाऱ्या पानांत व फुगीर पेरांत थायलाकोस्पर्ममच्या घराण्याची खूण शिकता येते. उन्हाळ्यासाठी उथळ कुंडीत दोन भाग खडी व एक भाग माती घालून ऑफिस टाइमची फुले लावावीत. ती गादीवनस्पती नव्हेत, पण जमिनीलगत पसरून ऊन पेलण्याची कला त्यांना अवगत आहे, आणि मुलांना भिंगातून पाहावयास त्यांच्याइतकी सोयीची दुसरी फुले आपल्याकडे नाहीत.

सारांश, जुलैचा काळ, श्रीनगरचा मार्ग, रक्ताची तपासणी, लेहची दोन दिवसांची विश्रांती, खिशात भिंग व वही, आणि परत येताना खिशात भिंग व वहीच. एवढे पथ्य पाळणाऱ्यास हे दर्शन दुर्लभ नाही. ज्याला शेवटचे पथ्य साधणार नाही, त्याने त्या खिंडीत गाडीतून खाली उतरू नये.